छर्रेवाला हब की सीलबंद बेअरिंग: एकाच रस्त्यावर १६ महिने

मागच्या वर्षी जूनपासून मी आणि नवरा दोघंही सायकलनं ऑफिसला जातोय. कोथरूडहून निघायचं, चांदणी चौकाचा चढ, भूगाव, पिरंगुट आणि संध्याकाळी तसंच परत, आठवड्यातून चार दिवस, पाऊस असला तरी. त्याच्या सायकलच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात, सीलबंद कार्ट्रिज बेअरिंग (छर्रे आत बंद असलेली तयार रिंग) आहेत आणि माझ्या सायकलला जुन्या पद्धतीचं, म्हणजे वाटी, कोन (चाकाच्या दांड्यावर, एक्सलवर, आवळायचा शंकूसारखा नट) आणि त्यांच्यामध्ये सुटे छर्रे. दोन्ही सायकलींची देखभाल मीच करते. त्यामुळे तोच रस्ता, तोच चिखल आणि तेच हात असताना दोन्हींचं काय होतं ते नीट बघायला मिळालं. माझे ७,१०० किमी झालेत, त्याचे ६,४००.

सायकल घेताना दुकानात ऐकवलं होतं की छर्रे म्हणजे जुना माल, सीलबंद घ्या म्हणजे बघायलाच नको. हे "बघायलाच नको" माझ्या डोक्यात बसलं होतं आणि तेच चुकीचं निघालं.

आधी माझ्या हबचं सांगते. पुढच्या चाकात एका बाजूला १० असे २० बारीक छर्रे, मागच्या चाकात पाव इंची ९ आणि ९. जूनला नवीन ग्रीस भरून घेतलं होतं. ऑगस्टमध्ये चाक काढून एक्सल बोटांनी फिरवला तर करकर लागली, वाळू दाताखाली यावी तशी. उघडून बघितलं तर ग्रीस ताकासारखं पांढरट झालेलं, म्हणजे आत पाणी गेलंय हे नक्की. डिझेलनं सगळं धुतलं, पुसलं, आणि मागच्या डाव्या कोनवर बघते तर देवीच्या व्रणांसारखे दोन बारीक खड्डे. वाट्या मात्र आरशासारख्या गुळगुळीत होत्या म्हणून जीव भांड्यात पडला, कारण वाटी हबच्या अंगातच दाबून बसवलेली असते, ती गेली की बहुतेक वेळा अख्खा हबच बदलावा लागतो. कोन आणि छर्रे हे झिजायलाच ठेवलेत असं समजायचं, वाटी जपायची.

आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेले. छर्रे त्यांनी लगेच मोजून दिले, पन्नास रुपयांच्या आत काम झालं. वर म्हणाले, "ताई, जुने चांगले दिसले तरी परत टाकू नका, नवीन टाकायचे तर सगळेच नवीन." बरोबरच आहे, जुना छर्रा केसभर जरी झिजला असला तरी सगळा भार नव्यांवर येतो. पण कोन मिळेना. साध्या सायकलचे कोन त्यांच्याकडे डबाभर होते, माझ्या एक्सलला एकही बसेना. शेवटी ऑनलाइन मागवला, नऊ दिवस लागले आणि तेवढे दिवस सायकल घरात. छर्रे गल्लीबोळात मिळतात, कोन मिळतोच असं नाही, त्यामुळे तुमच्या हबचे जास्तीचे दोन कोन आधीच घेऊन ठेवा, हे मी आता भेटेल त्याला सांगते.

ॲडजस्टमेंट शिकायला मात्र मला वेळ लागला. सुरुवातीला मी कोन असा आवळायचे की चाक हातात असताना जराही डुगडुगू नये, आणि सायकलला लावून क्विक रिलीज (चाक पक्कं करायचा खटका) दाबला की चाक जड फिरायचं. कारण क्विक रिलीज एक्सलला दोन्हीकडून दाबतो. म्हणून बाहेर असताना किंचित ढिलं ठेवायचं, सायकलला बसवून आवळलं की ते ढिलेपण बरोबर नाहीसं झालं पाहिजे. तीनचार वेळा काढघाल करावी लागते. पातळ कोन पाना लागतोच, साधा पाना त्या फटीत शिरत नाही. पण एकदा जमलं की त्या चाकाचं फिरणं बघण्यासारखं असतं, अगदी शेवटी व्हॉल्व्हच्या वजनानं चाक मागेपुढे झुलतं आणि मग थांबतं. शिमानो कितीतरी वर्षं महागड्या हबमध्येही छर्रेच घालत आली, त्यामागचं एक कारण तेव्हा मला हाताला कळलं. वाटी आणि कोनच्या मध्ये छर्रा तिरका बसतो, त्यामुळे वरून येणारा भार आणि वळणावर बाजूनं येणारा भार असे दोन्ही तो चांगले घेतो.

आता नवऱ्याची सायकल. पहिला पावसाळा तिनं अगदी आरामात काढला. मी ऑगस्टमध्ये हात काळे करत बसले होते तेव्हा त्याच्या चाकाला कुणी हातही लावला नव्हता, हे मान्य करायलाच पाहिजे. ऑक्टोबरमध्ये मागच्या चाकातून आवाज येतोय असं तो म्हणायला लागला. एक्सल काढून आतली रिंग बोटानं फिरवली तर अडकत अडकत फिरत होती. इथे फरक असा की छर्रेवाला हब महिनाभर आधीपासून कुरकुर करतो, थोडा ढिला होतो, आपल्याला सांगत राहतो. सीलबंद बेअरिंगचं आतलं ग्रीस धुऊन गेलं तरी बाहेरून रबर तसंच काळंभोर दिसतं, आणि आवाज आला तेव्हा वेळ गेलेली असते.

पण पुढचं काम सोपं, त्या रबरावर नंबर छापलेला असतो. याच्या हबमध्ये ६००१ होते, म्हणजे आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास २८, जाडी ८. हा नंबर फक्त सायकलचा नाही, मोटारी आणि पंपांमध्येही जातो, त्यामुळे सायकलच्या दुकानात जायचीच गरज नाही, कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो. मी नाना पेठेत गेले, नंबर सांगितला, दोन बेअरिंग घेतले, दहा मिनिटांत बाहेर.

आणि तिथेच चुकले. नंबरापुढची अक्षरं मी बघितली नाहीत. मला मिळाले होते झेडझेड, म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण. ते धूळ अडवतं, पाणी नाही. हिवाळाभर छान चालले. जानेवारीत आम्ही कोकणात गेलो, मुरूड, आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, मग बागमांडल्याहून बोटीनं वेसवीला उतरून केळशी, आंजर्ले. दिवेआगरला ओल्या वाळूवरून सायकली चालवल्या, बोटीवर खारं पाणी उडालं. घरी आल्यावर मी माझे हब उघडून साफ केले, त्याचे उघडले नाहीत कारण "सीलबंद" हा शब्द अजून डोक्यात होता. जूनचा पाऊस सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि त्याच्या मागच्या हबमधून तांबडं पाणी गळायला लागलं.

दुसऱ्यांदा टू आरएस घेतले, दोन्ही बाजूंना रबर असलेले. कटरच्या टोकानं रबर हळूच उचलून आत बघितलं तर ग्रीस अगदी बेताचं, म्हणून त्यात पाण्यात टिकणारं ग्रीस भरलं आणि रबर परत दाबून बसवलं. पाच मिनिटांचं काम आहे, फक्त रबराची कड दुमडू द्यायची नाही. भरपूर ग्रीसनं चाक सुरुवातीला किंचित जड फिरतं, पावसात ते चालतं. बसवताना दाब बाहेरच्या रिंगवरच द्यायचा, आतल्या रिंगवर ठोकलंत तर नवीन बेअरिंग तिथेच खराब होतं. मी १२ मिमीचा लांब बोल्ट, वायसर आणि जुनं बेअरिंग मध्ये धरून पान्यानं हळूहळू आवळत बसवले, हातोडी लागलीच नाही. हबमधलं बेअरिंगचं घर, म्हणजे ते बसतं ती जागा, एकदा सैल झालं तर मात्र कुठलंही नवीन बेअरिंग घट्ट बसणार नाही, म्हणून वाकडं शिरतंय असं वाटलं की लगेच थांबायचं.

एक गोष्ट दोन्हींना सारखी लागू आहे. गाडी धुण्याच्या सेंटरवर प्रेशरच्या पाण्यानं सायकल धुऊ नका. बादली, फडकं आणि साधा पाइप पुरे, तोही हबवर सरळ धरायचा नाही.

मला विचाराल तर मी माझे छर्रेवाले हब बदलणार नाही. श्रीवर्धनच्या आधी एका उतारावर माझा कोन ढिला झाला, चाक डुगडुगायला लागलं, तर तिथल्या एका छोट्या दुकानातल्या दादांनी त्यांचा घासून पातळ केलेला पाना काढला आणि पंधरा मिनिटांत मला मोकळं केलं. बेअरिंग बदलायचं असतं तर ते तिथे झालं नसतं. पण ज्याला पावसाळ्यात मध्ये एकदा आणि संपल्यावर एकदा हब उघडायला जमणार नाही त्यानं सीलबंदच घ्यावं, टू आरएस बघून घ्यावं, आणि दर दोन महिन्यांनी चाक काढून बोटानं रिंग फिरवून बघावी. नवऱ्याला मी तेवढं शिकवलंय. या रविवारी दोन्ही सायकलींची मागची चाकं उघडणारे, पाव इंची छर्रे वीस आणून ठेवलेत, लागतात अठरा.