फळांच्या इंग्रजी म्हणी शिकवणारा रविवारचा क्लास, माझा अनुभव

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल एक्सपोर्टच्या ऑफिसात बायरचे मेल बघते. एकदा मेल आला, आधी लो हँगिंग फ्रूट उरकून घेऊ. नंतर कळलं की ज्या ऑर्डरी सहज निघतात त्या आधी काढू, खालच्या फांदीचं हाताला येणारं फळ आधी तोडतात ना तसं. असं दोनचारदा झाल्यावर सात रस्त्याजवळच्या या क्लासला नाव घातलं. सहा रविवार, दीड तास, 1200 रुपये, आणि त्यातले दोन रविवार नुसते फळांचेच.

शिकवायची पद्धत मला मनापासून आवडली. मॅडम लक्ष्मी मंडईतून फळं घेऊन येतात, टेबलावर मांडतात आणि आधी विचारतात, याला आपल्यात काय म्हणतात? ॲपल ऑफ माय आयला मी डोळ्याचा तारा म्हटलं, त्या म्हणाल्या गळ्यातला ताईत पण चालेल. मग कारण सांगितलं, पूर्वी इंग्रजीत डोळ्याच्या बाहुलीलाच ॲपल म्हणायचे, कारण ती सफरचंदासारखी गोल घट्ट गोळी आहे असं लोकांना वाटायचं, आणि डोळ्याइतकं जपायचं माणूस म्हणून हा शब्द. एकदा कारण कळलं की पाठ करावं लागत नाही बघा.

रॉटन ॲपलला तर आपली म्हण तयारच, एक नासका आंबा आढी नासवतो. त्या दिवशी मॅडमनी एक डागाळलेलं सफरचंद हातात दिलं, बोटाने दाबलं की आत जायचं, आणि सांगितलं की फळातून इथिलीन वायू सुटतो, त्याने शेजारची पण लवकर पिकतात आणि नासतात. आवळा देऊन कोहळा काढणे याला मात्र इंग्रजीत फळ नाही, मासा आहे, छोटा स्प्रॅट टाकून मोठा मॅकरेल पकडायचा.

सगळ्यात भारी डाळिंब. पोमेग्रॅनेट म्हणजे लॅटिनमध्ये दाण्यांचं सफरचंद, हातबॉम्बला ग्रेनेड म्हणतात तेही यावरूनच. 2016 ला आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला जीआय, म्हणजे त्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालं, आणि इथल्याच पोरांना त्या फळाचं नाव कुठून आलं हे माहीत नसावं हे मला खटकायचं, म्हणून तो तास विशेष वाटला.

आता तक्रार. छापील नोट्स कच्च्या आहेत. लेमनच्या पुढे 'आंबट स्वभावाचा माणूस' लिहिलंय, खरं तर मशीन किंवा गाडी पहिल्यापासूनच खराब निघाली तर तिला लेमन म्हणतात, आणि आमच्या धंद्यात हा अर्थ चुकला तर नुकसान आहे. मॅडमनी वर्गात सुधारलं, पण पुढच्या बॅचला तेच कागद वाटले म्हणे. दुसरं, बॅचमध्ये तीस जण, त्यामुळे स्वतः बोलायची पाळी क्वचितच येते, आणि बोलल्याशिवाय म्हण जिभेवर बसत नाही.

तरी मागच्या आठवड्यात एका बायरने आमच्या 550 जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) टॉवेलचा रेट दुसऱ्याच्या 400 जीएसएमशी लावून बघितला, तेव्हा मी लिहिलं, दिस इज कम्पेअरिंग ॲपल्स टू ऑरेंजेस, म्हणजे तुलनाच होऊ शकत नाही अशा दोन गोष्टींची तुलना, आणि खाली दोन्हीचं वजन मांडलं. त्याने तासाभरात नवीन सॅम्पल मागवलं. ज्यांना रोज इंग्रजी मेल लिहायचेत त्यांनी जावं, पुढच्या बेंचवर बसावं आणि नोट्सवर विसंबू नये, वहीत स्वतः लिहून घ्यावं.