सी-स्पॅन : भाष्यकारांशिवाय अमेरिकी काँग्रेस पाहण्याचा अनुभव

अमेरिकन नागरिकत्वाच्या मुलाखतीसाठी मी पाठ केले होते की, काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, प्रतिनिधिगृहात मतदानाचा अधिकार असलेले ४३५ सदस्य असतात आणि सिनेटमध्ये १००. हे लोक दिवसभर नेमके काय करतात, ते मात्र पुढची कित्येक वर्षे मला वृत्तवाहिन्यांवरच्या वीस-वीस सेकंदांच्या तुकड्यांतूनच कळत होते. तुकडा दाखवून झाला की त्यावर सहा जण तावातावाने बोलत, तासाभराने मीही तितकीच तावातावात येई, आणि तेवढ्यात कोणी विचारले असते की विधेयकात आहे तरी काय, तर मला एक वाक्य धड सांगता आले नसते. या सवयीचा स्वतःलाच वीट आला, तेव्हा मी दोन्ही सभागृहांचे कामकाज थेट दाखवणारी सी-स्पॅन ही वाहिनी पाहू लागले. आता त्या वाहिनीबद्दल चार शब्द लिहिण्याइतका तिचा सहवास झाला आहे.

ही सरकारी वाहिनी असावी असा बहुतेकांचा समज असतो आणि माझाही तोच होता, पण तो चुकीचा आहे. ब्रायन लॅम्ब यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही ना-नफा संस्था असून तिचा खर्च मुख्यतः केबल आणि उपग्रह कंपन्या ग्राहकांच्या मासिक बिलातून जे थोडेसे सेंट तिच्याकडे वळवतात त्यावर चालतो. तिला सरकारी अनुदान नाही आणि तिच्यावर जाहिरातीही नाहीत. १९ मार्च १९७९ रोजी प्रतिनिधिगृहाच्या कामकाजाचे थेट प्रक्षेपण सुरू झाले, त्या दिवशी पहिले भाषण टेनेसीचे तरुण प्रतिनिधी अल गोर यांनी केले. सिनेटला कॅमेरे मान्य करायला आणखी सात वर्षे लागली आणि जून १९८६ मध्ये तिच्यासाठी दुसरी वाहिनी निघाली. तिसरी वाहिनी २००१ पासून आहे.

पहिल्या आठवड्यात कंटाळा येतो, हे आधीच सांगितलेले बरे. सिनेटमध्ये गणपूर्तीसाठी नावांचा पुकारा सुरू होतो, म्हणजे प्रत्यक्षात काहीच होत नाही. सदस्य पडद्याआड वाटाघाटी करत असतात आणि प्रेक्षकांना रिकामे सभागृह व त्यावर अभिजात पाश्चात्त्य संगीत मिळते. सुरुवातीला मी अशा वेळी वाहिनी बदलत असे. पण २८ जुलै २०१७ च्या पहाटेचे आरोग्य विमा कायद्यावरील मतदान मी नंतर संग्रहातून काढून सलग पाहिले, तेव्हा या रिकाम्या वेळेचा अर्थ कळला. रिपब्लिकन सिनेटर जॉन मकेन यांनी अंगठा खाली करून आपल्याच पक्षाचे विधेयक पाडल्याचे दहा सेकंदांचे दृश्य साऱ्यांना ठाऊक आहे. त्याआधीची मात्र सारी चलबिचल, कोण कोणाशी कुजबुजतो आहे, कोण हात बांधून उभा आहे, हे बातमीत येत नाही. त्या तासाभरात मला एकदाही कोणी सांगितले नाही की, आता काळजी करा किंवा आता आनंद माना. ४९ विरुद्ध ५१ असा निकाल लागला, तेव्हा मला जे वाटले ते बरेच गुंतागुंतीचे होते आणि ते कोणाच्या तोंडून ऐकलेले नव्हते.

खरी कसोटी २०२५ च्या शटडाऊनमध्ये लागली. १ ऑक्टोबरपासून १२ नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे ४३ दिवस, सरकारच्या बऱ्याच भागाचा पैसा थांबला होता. हवाई वाहतूक नियंत्रक आणि विमानतळावरचे सुरक्षा तपासनीस बिनपगारी कामावर येत होते. या काळात वृत्तवाहिन्यांवर दोन्ही पक्षांच्या पत्रकार परिषदांचा नुसता कल्लोळ होता. सी-स्पॅनवर काय दिसत होते? सिनेटमध्ये सरकारी खर्चाला मंजुरी देणारे तेच विधेयक पुन्हा पुन्हा मतदानाला येत होते आणि आवश्यक ६० मतांअभावी पुन्हा पुन्हा अडत होते. प्रतिनिधिगृह तर सप्टेंबरच्या मध्यानंतर नोव्हेंबरपर्यंत मतदानासाठी बसलेच नाही. मधूनमधून एक सदस्य आसनावर येऊन हातोडा आपटे आणि काही मिनिटांत बैठक तहकूब होई. ती काही मिनिटे पाहून मला जेवढा राग आला, तेवढा कोणत्याही चर्चेने आला नव्हता. फरक इतकाच की, हा राग कोणावर आणि कशासाठी आहे हे मला या वेळी नेमके सांगता येत होते, आणि तो केवळ एका पक्षापुरता उरला नव्हता.

वाहिनीवरचा माझा सर्वांत आवडता कार्यक्रम म्हणजे १९९५ पासून रोज सकाळी सातला लागणारा ‘वॉशिंग्टन जर्नल’. निवेदक समोर वर्तमानपत्रे पसरून त्यातले उतारे वाचतो आणि लोकांचे फोन घेतो. डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि कोणत्याच पक्षाचे नसलेले, अशांसाठी वेगवेगळे क्रमांक असतात आणि एकाच माणसाने तीस दिवसांतून एकदाच फोन करावा असा नियम आहे. निवेदक स्वतःचे मत देत नाही. त्याच्या चेहऱ्यावरून ते ओळखण्याचा खेळ मी अनेकदा खेळले आणि दरवेळी हरले. फोन करणाऱ्यांत निव्वळ अफवा सांगणारे असतात, तसेच एखादा निवृत्त ट्रकचालक औषधांच्या किमतीबद्दल असे काही बोलून जातो की तज्ज्ञाने गप्प बसावे. याच शटडाऊनमध्ये प्रतिनिधिगृहाचे सभापती माइक जॉन्सन या कार्यक्रमात आले होते आणि लष्करी कुटुंबातल्या एका आईने, पगार थांबला तर आपल्या आजारी मुलांच्या औषधांचे काय, असे त्यांना थेट विचारले. सभापतींचे उत्तर पटले की नाही हा निराळा मुद्दा, पण प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये तिसरे कोणीही नव्हते.

निवेदकाच्या या अलिप्ततेची एक खोट आहे. फोनवरचा माणूस धडधडीत चुकीचा आकडा सांगतो, तेव्हा निवेदक बहुधा ‘धन्यवाद’ म्हणून पुढच्या फोनकडे वळतो. भाष्याला कंटाळून आलेल्या मला हे सुरुवातीला सभ्यपणाचे वाटले. आता वाटते, आकडा दुरुस्त करणे म्हणजे काही मत देणे नव्हे.

याहून मोठी मर्यादा कॅमेऱ्यांची आहे आणि ती बऱ्याच प्रेक्षकांना माहीत नसते. दोन्ही सभागृहांतले कॅमेरे सी-स्पॅनचे नसून त्या सभागृहांचेच आहेत आणि वाहिनीला केवळ तयार चित्र मिळते. मे १९८४ मध्ये रिपब्लिकन सदस्य रात्री उशिरा जोशात भाषणे करत, तेव्हा सभापती टिप ओनील यांनी कॅमेरा फिरवून रिकाम्या खुर्च्या दाखवण्याचा आदेश दिला आणि त्यावरून मोठे वादळ उठले. जून २०१६ मध्ये जॉन लुईस यांच्या पुढाकाराने डेमोक्रॅट सदस्य बंदूक नियंत्रणासाठी सभागृहातच ठाण मांडून बसले, त्या वेळी कामकाज तहकूब असल्यामुळे कॅमेरे बंद होते. सी-स्पॅनने सदस्यांच्या मोबाइलवरून येणारे चित्र दाखवून वेळ निभावून नेली. आणि जानेवारी २०२३ मध्ये केव्हिन मकार्थी यांना सभापतिपदासाठी पंधरा फेऱ्या लढाव्या लागल्या, तेव्हा नव्या सभागृहाचे नियमच मंजूर झालेले नसल्याने सी-स्पॅनचे स्वतःचे कॅमेरे मोकळे सुटले होते. एक सदस्य दुसऱ्याच्या अंगावर धावून जाताना त्याला मागून ओढणारा हात, परस्परविरोधी पक्षांच्या सदस्यांच्या कोपऱ्यातल्या आपसांतल्या गप्पा, हे सारे त्या चार-पाच दिवसांतच दिसले. नियम मंजूर झाले आणि चित्र पुन्हा पूर्वीसारखे, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर खिळलेले झाले. वाहिनीने स्वतःचे कॅमेरे ठेवू देण्याची रीतसर मागणी केली होती. मी जे ‘जसेच्या तसे’ म्हणून पाहते ते सभागृहाने निवडून दिलेले असते, हे त्या आठवड्यापूर्वी माझ्या ध्यानातही आले नव्हते.

केबल तोडून इंटरनेटवरची टीव्ही-वर्गणी घेणाऱ्यांनी आपल्या योजनेत ही वाहिनी आहे का, हे आधी तपासावे. माझ्या योजनेत ती बराच काळ नव्हती आणि मी मोबाइलवरच्या ‘सी-स्पॅन नाऊ’ या ॲपवर भागवत असे. संकेतस्थळावरचा जुन्या चित्रफितींचा संग्रह मात्र सर्वांसाठी खुला आणि विनामूल्य आहे, आणि नव्या प्रेक्षकाने थेट प्रक्षेपणाऐवजी तिथूनच सुरुवात करावी असे मी सुचवेन. बातमीत एखादे वाक्य ऐकून डोके तापले की त्या सदस्याचे नाव आणि तारीख घालून संपूर्ण भाषण काढावे. अर्ध्या वेळेला राग टिकतो, अर्ध्या वेळेला वाक्याच्या आधीचे ‘जर’ सापडते.

‘वॉशिंग्टन जर्नल’ला मी अजून फोन केलेला नाही. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका सकाळी फोन हातात घेतला होता, पण पडद्यावरच्या क्रमांकांपैकी आपला कोणता, हे ठरेपर्यंत दहा वाजले आणि कार्यक्रम संपला.