मेश वायफायवर २३ स्मार्ट वस्तू: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी घरातला जुना राउटर काढून तीन नोडचं ड्युअल-बँड मेश बसवलं. मेश म्हणजे घरभर ठेवलेली, मिळून एकच वायफाय देणारी उपकरणं (प्रत्येक उपकरण म्हणजे एक नोड), आणि ड्युअल-बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन रेडिओ पट्ट्यांवर (बँडवर) चालणारं. आज त्यावर १४ बल्ब, ५ प्लग, २ कॅमेरे, दारावरची बेल आणि आईच्या खोलीतल्या एसीचा स्मार्ट रिमोट असं सगळं चालतं. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मात्र फार मनस्तापाचे गेले, आणि त्यातला बराचसा त्रास टाळता आला असता. म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली चूक नावाची. नवीन मेशला मी हौसेने नवीन नाव दिलं आणि घरातल्या सगळ्या जुन्या वस्तू एका झटक्यात ऑफलाइन गेल्या. एकेक बल्ब रीसेट करत दोन संध्याकाळी घालवल्या. तिसऱ्या दिवशी सुचलं की जुन्या राउटरचं नाव आणि पासवर्ड अक्षर न् अक्षर तसाच मेशला देऊन बघावा. दिला, आणि उरलेल्या ११ पैकी ९ वस्तू पाच मिनिटांत आपणहून परत आल्या. ज्यांच्याकडे आधीपासून स्मार्ट वस्तू आहेत त्यांनी कृपया हेच सगळ्यात आधी करा.

उरलेले दोन जुने प्लग अडले ते सुरक्षेच्या सेटिंगपाशी. मेश डब्ल्यूपीए३ या वायफाय सुरक्षेच्या नव्या पद्धतीवर होतं आणि या प्लगना फक्त त्याआधीची डब्ल्यूपीए२ कळते. दोन्हीचा मिश्र पर्याय लावूनही ते जोडले जाईनात. शेवटी मेशच्या ॲपमध्ये स्मार्ट वस्तूंसाठी वेगळ्या नेटवर्कची सोय सापडली. ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि डब्ल्यूपीए२ वर ठेवलं, आणि दोन्ही प्लग लगेच आले. त्याआधी एकदा त्यांना गेस्ट नेटवर्कवर टाकून पाहिलं होतं. तिथे जोडले जात, पण गेस्ट नेटवर्कवरच्या वस्तू घरातल्या बाकी नेटवर्कपासून तोडलेल्या असतात, त्यामुळे इंटरनेट गेलं की शेजारच्या खोलीतला प्लगही फोनवरून बंद करता येत नसे.

नवीन बल्ब जोडण्याचं दुखणं वेगळं. यातल्या बहुतेक वस्तूंची वायफाय चिप २.४ चीच असते, तिला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही. मेश दोन्ही बँड एकाच नावाने देतं आणि जवळ असलेल्या फोनला हमखास ५ वर बसवतं. मग काही ॲप पुढे सरकतच नाहीत, तर काहींमध्ये बल्ब लुकलुकत राहतो आणि शेवटी ‘डिव्हाइस सापडलं नाही’ येतं. ॲपमधून ५ गिगाहर्ट्झ थोडा वेळ बंद करता येत असेल तर प्रश्नच मिटला. माझं वेगळं नेटवर्क सुरू व्हायच्या आधी मी टेबललॅम्पमध्ये बल्ब लावून, फोन घेऊन, नोडपासून दोन भिंती पलीकडे जिन्याखाली जाऊन बसलो होतो. भिंतींपुढे ५ चा जोर आधी संपतो, फोन २.४ वर उतरला आणि बल्ब पहिल्याच प्रयत्नात जोडला गेला. एकदा जोडल्यावर तो कुठल्याही खोलीत न्या, फरक पडत नाही.

खरी परीक्षा वीज जाऊन आल्यावर होते. बल्ब दोन सेकंदांत जागा होतो, नोडना दोन-तीन मिनिटं लागतात, आणि सगळ्यात आधी मुख्य नोड उठतो. मग मागच्या खोलीतले बल्ब दूरच्या मुख्य नोडलाच धरून बसतात. शेजारी दुसरा नोड असताना एका बल्बचा सिग्नल ॲपमध्ये उणे ८२ डीबीएम, म्हणजे खूपच कमजोर, दिसत होता, आणि आज्ञा दिल्यावर तो कधी लागे, कधी नाही. फोनसारखे हे बल्ब स्वतःहून चांगला नोड शोधत नाहीत. जोडणी तुटेपर्यंत पहिलाच धरून ठेवतात. सगळे नोड उठल्यावर बटण बंद-चालू केलं की तो बल्ब बरोबर जवळच्या नोडवर येतो. पाचव्या महिन्यात तिन्ही नोडना छोटे यूपीएस लावले, तेव्हापासून ही कटकट संपली.

कॅमेऱ्यांबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. ड्युअल-बँड मेशमध्ये नोडना आपसात बोलायला वेगळा बँड नसतो. तुमचे फोन आणि नोडमधली वाहतूक एकाच ५ गिगाहर्ट्झवरून जाते. वरच्या मजल्यावरचा कॅमेरा रात्री हमखास अडकायचा, तो यामुळे. वरच्या नोडपर्यंत केबल ओढून घेतली आणि त्याच रात्रीपासून चित्र सलग दिसू लागलं. या सगळ्या खटाटोपात सर्वात सार्थकी लागलेला खर्च तोच. भिंतीतून केबल नेणं शक्य असेल, तर तिसरा नोड घेण्याआधी केबलचा विचार करा.

अजून एक तक्रार शिल्लक आहे. बेल वाजल्यावर फोनवर चित्र यायला चार-पाच सेकंद लागतात. बेलचा सिग्नल चांगला आहे, नोड दारापासून एका भिंतीवर आहे. आता २.४ चा चॅनेल (त्या बँडमधली ठरावीक जागा) ६ वरून ११ वर नेऊन बघतोय, कारण शेजारचे तीन राउटर ६ वरच दिसतात.