घरी येऊन इंजेक्शन देणारी नर्सिंग सेवा: सिस्टरांना पूर्ण गुण, ब्युरोला नाही

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. गोळी गालात दडवून नंतर थुंकायचा, म्हणून डॉक्टरांनी फ्लूफेनाझिन डेकॅनोएट सुरू केलं. तेलातलं औषध, स्नायूत द्यायचं. २ ते ४ आठवडे अंगात हळूहळू सुटत राहतं.

ते द्यायला येणाऱ्या सिस्टरांचं काम बघत राहावं असं. 'दादा, आज डावीकडे देऊ का उजवीकडे?' हे त्यालाच विचारतात, आम्हाला नाही. मग त्याचं मनगट धरून कोपर सावकाश वाकवतात, या औषधाने ताठरपणा आलाय का बघायला. एकदा हात जडावल्याचं त्यांच्याच लक्षात आलं. तिथूनच डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी ट्रायहेक्सिफेनिडिल, म्हणजे तो ताठरपणा कमी करणारं औषध, लिहून दिलं, चार दिवसांत चालणं मोकळं झालं. वजन, बीपी न चुकता वहीत.

सिस्टर पाठवणाऱ्या नर्सिंग ब्युरोवर मात्र राग आहे. सिस्टर रजेवर असताना पाठवलेली मुलगी दारातच म्हणाली, 'पेशंट मारत नाही ना?' त्याने ते ऐकलं आणि त्या दिवशी इंजेक्शन घेतलंच नाही. अशा घरी पाठवायच्या माणसांना आधी शिकवायला नको? रात्री ब्युरोचा फोनही लागत नाही; आम्ही टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावतो, मराठीत बोलतात.

सेवा घ्या, पण दर वेळी त्याच सिस्टर येतील हे आधी कबूल करून घ्या.