गणित: सरावसंच की प्रकल्प?

सरावसंच सोडवून हात बसतो, यात शंका नाही. अवयव पाडणे, वर्गसमीकरणे यांना दुसरा पर्याय मला दिसत नाही. तिथे प्रकल्प ओढूनताणून होतो.

पण आलेख आणि सांख्यिकी? सांगलीतल्या आठवीच्या मुलांना आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पाणीपातळीचे पावसाळ्यातले रोजचे आकडे द्या. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले होते. कित्येकांच्या घरात ते शिरले होते. आलेख काढला की मुलेच विचारतात: पाणी दिवसाला किती फूट चढले? उतरताना वेग तेवढाच का नाही? रेषेचा चढ म्हणजे काय, हे इथे खरे कळते. सरावसंचातले आकडे सोयीचे करून दिलेले असतात; इथे एखाद्या दिवसाची नोंदच नसली तर काय करायचे, हे मुलांनाच ठरवावे लागते.

म्हणून वर्षाला असे दोन प्रकल्प तरी घ्यावेत. तासिका जातात, जाऊ द्यात. मात्र गटातला एकच जण हिशेब करतो आणि बाकीचे तक्ते रंगवतात, असे सर्रास होते. तेव्हा प्रत्येकाची आकडेमोड त्याच्या वहीत वेगळी तपासाच.