भोंगा, काटा की स्क्रीन? आउटबोर्डवर आधी काय बसवाल

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला पाणी उथळ होतं आणि आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे लावलेलं मशीन, थंड राहायला घेतलेल्या पाण्याबरोबर वाळूही ओढतं. तिथेच एकदा आमच्या होडीचा बझर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजला. "काका, मशीन आरडता!" पोरगा ओरडला. मागे पाहिलं तर पिचकारीचे, म्हणजे मशीन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या धारेचे, नुसते थेंब पडत होते. कधीपासून, देव जाणे. पर्यटकांच्या गडबडीत कुणाचं लक्षच नव्हतं.

बझर बहुतेक फोर-स्ट्रोक मशीनला मुळातच असतो, वेगळा खर्च नाही. मशीन तापलं किंवा ऑइलचा दाब पडला की तो वाजतो, आणि बरीच मशीनं आपोआप वेगही उतरवतात. पण तो बोलतो दुखणं वाढल्यावर. कधीकधी दोन्ही तक्रारींना आवाज एकच असतो. मग पिचकारी आणि ऑइल दोन्ही तपासा.

पाण्याच्या दाबाचा काटा मात्र आधीच चुगली करतो. वाळूने इम्पेलरची, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपातल्या चक्राची, रबरी पाती झिजत गेली की त्याच आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) दाब हळूहळू उतरत जातो. नवा इम्पेलर बसवला की 4000 आरपीएमला काटा कुठे थांबतो तिथे काचेवर खूण करून ठेवा. आम्ही नेलपॉलिश लावलंय, घरातून हळूच उचललेलं. तापमानाच्या काट्यावर माझा तेवढा भरवसा नाही. थर्मोस्टॅट (मशीनचं तापमान धरून ठेवणारी झडप) धड असेपर्यंत तो फारसा हलत नाही, आणि हलतो तेव्हा बझरही वाजायच्या बेतात असतो.

आरपीएम मीटर पंखा निवडताना कामाचा. कंपनीने फुल थ्रॉटलला 5000 ते 6000 सांगितलेत आणि भरलेली होडी 4500 वरच अडत असेल, तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पुढे जायचं अंतर) जास्त आहे का ते बघा.

स्क्रीनवर हे सगळं दिसतं, वर तासाला किती पेट्रोल जातंय तेही. पण मशीनला एनएमईए 2000 ची, म्हणजे मशीनचे आकडे स्क्रीनकडे नेणारी, जोडणी हवी. जुन्या कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकला ती नसते. शिवाय खाऱ्या हवेत एखादा कनेक्टर गंजला की सगळे आकडे एकदमच गायब.

हँडलवालं 9.9 एचपी असेल तर बझर आणि पिचकारीवर नजर, बस. पर्यटक नेणारं 40-60 एचपी असेल तर दाबाचा काटा आधी घ्या. नवं फ्युएल-इंजेक्शन मशीन घेताय? मग स्क्रीन घ्या, पण बझरची वायर काढू नका.