सपाट तळव्यांसाठी स्टॅबिलिटी शूज की रुंद न्यूट्रल?

तळवे सपाट आणि धावताना घोटा आत झुकतो म्हटलं, की दुकानदार हमखास स्टॅबिलिटी शूजचा, म्हणजे आतल्या कडेला आधार दिलेल्या बुटांचा, खोका काढतो. दुसरी वाट म्हणजे असा आधार नसलेला साधा न्यूट्रल बूट, पण रुंद मापाचा, पुरुषांत २ई. मी दोन्ही झिजवलेत.

स्टॅबिलिटीचं श्रेय आधी देतो. लांब पल्ल्यात पाय थकले की पाऊल आत कोसळायला लागतं, तेव्हा तो आतल्या कडेचा आधार जाणवतो. गुडघ्याची कुरकुरही मला त्यात कमी वाटली. अर्थात, तो गुण बुटाचा की माझ्या मंदावलेल्या वेगाचा, देव जाणे.

माझं गाडं अडलं ते त्याच आधारापाशी. माझ्या जोडीत आतल्या बाजूला कडक फोमची पट्टी होती. सपाट तळवा अख्खा तिच्यावर टेकतो. कोरड्या सकाळी काही वाटत नाही. पण पावसाळ्यात साताऱ्याचा यवतेश्वर घाट उतरताना मोजे ओले झाले, की बरोबर त्या कडेवर चुरचुर सुरू, आणि खाली येईतो रुपयाएवढा फोड. मोजे बदलले, व्हॅसलीन चोपडलं, लेस एक भोक सोडून बांधली; फोड जागचा हलेना. हल्लीच्या काही मॉडेल्समध्ये पट्टीऐवजी टाचेच्या दोन्ही बाजूंना उंच कडा असतात, त्या कदाचित बऱ्या.

रुंद न्यूट्रलमध्ये उतारावर बोटं मोकळी राहतात, करंगळी घासत नाही. पाऊल आत झुकतंच, पण त्यापायी काही दुखलं नाही. अमेरिकी सैन्यदलांतल्या नवसैनिकांवरचे २००९-१० मध्ये प्रसिद्ध झालेले अभ्यासही हेच सुचवतात: तळव्याच्या आकारावरून बूट वाटून दुखापती फारशा घटल्या नाहीत.

फक्त ड्रॉप, म्हणजे टाच आणि चवड्याखालच्या उंचीतला फरक, बघा. धावताना आधी टाच टेकवणाऱ्याने १० मिमीवरून एकदम ४ वर उडी घेतली, तर पोटऱ्या बोंबलतात. घोट्याच्या आतल्या बाजूचा स्नायुबंध दुखत असेल आणि फिजिओने आधार सांगितला असेल, तर मात्र माझं ऐकू नका.

२ई दुकानात सहसा नसतं, मागवावं लागतं. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, धावायचेच मोजे घालून बघा. अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली नाही, तर सरळ परत करा.